वारणेच्या पुलापर्यंत

एप्रिलच्या शेवटाला आमच्या सांगलीच्या गल्लीत गाड्या धुतल्या जातात. मुलांच्या परीक्षा झालेल्या असतात आणि समोरच्या घरातली माणसं कोकणात निघालेली असतात. डिकीत पाण्याचा कॅन मावतो की नाही यावरून नवरा-बायकोची किरकोळ कुरबुर चाललेली असते. गाडी सुटायला बराच अवकाश असला तरी एखादं पोर सकाळपासून मागच्या सीटवर जाऊन बसलेलं असतं. मी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता हे सगळं बघते. वरूनच त्यांना नीट जा म्हणते. मग आत येते आणि काही वेळ नुसती बसून राहते. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास वरपर्यंत येत असतो.

आमच्याही दारात एका उन्हाळ्यात सहलीची गाडी उभी होती. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी तेव्हा कोरेगावजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते, भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. सुट्टी लागली तशी एसटीनं आष्ट्याला उतरले आणि वस्तीच्या वळणावरूनच मला ती दिसली. आमच्या पत्र्याच्या घरापेक्षा ती उंच होती. पिवळट पांढरा रंग, काचांना जाळ्या, आणि बाजूवर दवाखान्याचं असतं तसं अधिकचं लाल, पुसट चिन्ह. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते बाबांचे होते.

ती एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची मिनीबस होती. कित्येक वर्षं खेडोपाडी औषधं वाटून झाल्यावर ती कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, भंगाराच्या एका आवारात येऊन पडली होती. बाबा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर ते कुपवाडच्याच एका कारखान्याची गाडी चालवायचे, आणि माझा धाकटा भाऊ विजय तिथंच एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचं काम करायचा. येता-जाता दोघांनाही ती दिसायची. विजयला त्यात लोखंड दिसलं. बाबांना घर दिसलं. आत पेशंटला झोपवायचा एक अरुंद बाक होता, हात धुवायचं छोटं बेसिन होतं, टपावर पाण्याची टाकी होती, भिंतीला कपाटं होती.

"स्टो हितं बसतोय," बाबा मला आत नेऊन दाखवत होते. माझ्या खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरली नव्हती. "भांडी त्या कपाटात. दोघं खाली झोपायची, एक बाकावर, एक पुढच्या सीटवर. तुझ्या आईला हॉटेलात जायला नको, कुनाच्या दारात उतरायला नको. जितं वाटंल तितं थांबायचं."

"कुठं जायचं बाबा?"

"कन्याकुमारी," ते म्हणाले. आष्ट्याहून इस्लामपूरला जायचं असतं तसं.

आई दारात बसून बघत होती. ती वाळली होती. मार्चमध्ये मी तिला पाहिलं होतं त्यापेक्षाही वाळली होती. तिला गर्भपिशवीचा आजार होता. त्या आजाराचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेत नव्हतं. मिरजेला तिला लाईट दिले होते. किरणांच्या उपचारांना आमच्याकडं लाईटच म्हणतात. ते संपल्यावर डॉक्टरांनी मला आणि बाबांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, की आता घरी न्या, त्यांना जे खावंसं वाटेल ते करून घाला. बाबांनी मान हलवली होती आणि विचारलं होतं, "प्रवास चालंल का?" डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, "त्यांची इच्छा असेल तर न्या." बाबांनी त्यातलं न्या एवढंच ऐकलं असावं.

"इतके दिस आमी दवाखान्यात जात हुतो," आई मला म्हणाली, "आता दवाखानाच दारात आलाय बघ."

बाबा सगळं आयुष्य बाहेर राहिले. आसामपासून राजस्थानपर्यंतचे रस्ते त्यांना पाठ होते आणि वस्तीतली निम्मी घरं ओळखीची नव्हती. आईनं इकडं लोकांच्या उसात, हळदीत राबून आम्हाला वाढवलं. एकदाच त्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, पण तेव्हा आजी अंथरुणाला होती आणि विजय पोटात होता. आई गेली नाही. नंतर दर रजेला बाबा म्हणायचे, की एकदा रिटायर होऊ दे, तुला सगळा मुलूख दाखवतो. ते रिटायर झाले, मग नोकरी धरली, मग माझं डी.एड. झालं, आणि मग आईच्या पोटात दुखायला लागलं.

"समुद्र बघितला न्हाईस न्हवं तू?" त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी तिला विचारलं.

"कृष्णेला पूर येतो तवा बघितलाय की," ती म्हणाली. ते हसले. तीही हसली. तिच्या ताटात भाकरीचा तुकडा तसाच होता.

त्या उन्हाळ्यात दिवस उजाडायचा तो नटबोल्टांवर फिरणाऱ्या पान्याच्या आवाजानं. बाबांनी नोकरी सोडून दिली होती. विजय कामावरून यायचा तो मोटारसायकल लावून तसाच गाडीत शिरायचा. इंजिन उघडलं, बोअर करून आणलं, परत बसवलं. ब्रेक नवे घातले. बाजूवरचं लाल चिन्ह बाबांनी क्रीम रंगानं झाकलं, पण दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा आतला लाल रंग वर आला, गुलाबी होऊन. त्यांनी परत हात दिला. परत तो आला. एका दुपारी खालच्या आळीतले एक म्हातारे काठी टेकत आले, चपला काढल्या आणि पायरीपाशी उभे राहून म्हणाले, "गुडघ्याच्या गोळ्या हायत का?" बाबा आतून ब्रश घेऊन बाहेर आले. त्यांनी म्हाताऱ्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि हा दवाखाना नाही हे समजावून सांगितलं. म्हाताऱ्यांना ते पटलं नाही. "मग आत त्या बाई कशाला झोपल्यात?" त्यांनी विचारलं.

आत आई होती. बाबांनी बाकाचं माप घ्यायला तिला झोपवलं होतं.

मला बाबांची घागर आठवते. खड्ड्यांनी आईला हिसका बसू नये म्हणून त्यांनी मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतला एकेक पाटा काढून टाकला, चाकांतली हवा कमी केली. मग पितळी घागर काठोकाठ भरून त्या बाकावर ठेवली आणि वस्तीच्या खडकाळ रस्त्यावरून गाडी मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन परत आणली. उतरून आधी घागर बघायला गेले. बरंच पाणी सांडलेलं होतं. त्यांनी परत भरली, परत गेले. रोज सकाळी हेच. सांडलेल्या पाण्यावरून ते आईचं दुखणं मोजत होते. आई दारात बसून पदर तोंडाला लावून हसायची. "मला घागर समजलाय व्हय वो?" एक दिवस तिनं विचारलं. त्या दिवशी पाणी थोडंच सांडलं होतं आणि बाबा खूश होते.

मी पडदे शिवत होते. आईच्या जुन्या सुती साड्या फाडून, हातमशीनवर, घराच्या सावलीत. आई शेजारी भिंतीला टेकून बसायची आणि कापडाचं एक टोक धरायची. तेवढ्यानंही तिला दम लागायचा. एका दुपारी, बाबा स्पेअर आणायला सांगलीला गेलेले असताना, ती म्हणाली, "बाय, मला आता कुटंच जायचं न्हाई गं."

मी मशीन थांबवलं. "मग बाबांना सांगू का?"

"सांगू नगंस." तिनं टोक सोडलं नाही. "त्यांचं हात चालू हायत तवर बरं हाय. हात थांबलं की त्यो मानूस खाली बसंल. बसू दे, पन मी असताना नगं."

ती म्हणाली, "शिव की," आणि मी परत मशीन फिरवायला लागले. त्या पडद्यांना मी दुहेरी शिलाई घातली. कशाला, ते मला आजही कळत नाही.

विजयनं मात्र बाबांना सांगायचा प्रयत्न केला. मी आत स्वयंपाक करत होते, त्यांचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं.

"बाबा, जमनार न्हाई. आईला धा मिंटं बसवत न्हाई."

"म्हनून तर झोपायची सोय केलीय."

"तसं न्हवं. तिला तरास हुईल."

"हितं काय कमी हुतोय?" बाबा म्हणाले. मग बराच वेळ नुसता कानसीचा आवाज येत राहिला.

मे महिन्यात तिला ताप यायला लागला. तसतसा आमचा रस्ता आखूड होत गेला. कुणी तसं जाहीर केलं नाही. एक दिवस बाबा म्हणाले, की कन्याकुमारीला या दिवसांत फार गर्दी असते, गोव्यापर्यंतच जाऊ. पुढच्या आठवड्यात गोवा गेला आणि रत्नागिरी आली. "समुद्र त्यो समुद्रच," ते म्हणाले. "पानी सगळीकडं खारटच असतंय." मी हो म्हणाले. विजय उठून बाहेर गेला.

मग वळीव आला. दुपारी आभाळ काळं झालं, धुळीचा लोट उठला, वस्तीतल्या बायका वाळवणं आणि कपडे गोळा करायला धावल्या. बाबा धावले ते गाडीत. पत्र्यावर गारा वाजत होत्या आणि ते आत उभे राहून टप कुठं गळतो ते बोटानं चाचपत होते. दाराच्या चौकटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. आईला मी आत आणून कांबळं घातलं होतं. तिथून तिला ती गाडी दिसत होती. पाऊस थांबल्यावर बाबा भिजून आले आणि म्हणाले, "एकाच जागी गळतंय. उद्या फटीत लांबी भरतो." आई म्हणाली, "डोकं पुसा आधी." तिच्या आवाजात राग होता. मला वाटतं ते प्रेम होतं, पण रागही होताच. इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस आता तिच्यासाठी दिवसभर दारात राबत होता, आणि ती त्याला पुरणार नव्हती.

ती त्याच पावसाळ्यात गेली, हे इथंच सांगून टाकते. मिरजेच्या दवाखान्यात. खिडकीच्या बाजूची खाट मिळाली होती एवढंच चांगलं म्हणायचं. तिच्यामागं बाबा खरोखरच खाली बसले. गाडी त्यांनी विकली नाही आणि वापरलीही नाही. ती दारातच उभी राहिली, चाकं मातीत गेली, उंदरांनी गाद्या कुरतडल्या. विजयनं एकदोनदा गिऱ्हाईक आणलं, तेव्हा बाबा आतून उठून आलेच नाहीत. काही वर्षांनी तेही गेले, आणि मग विजयनंच ती कापली, स्वतःच्या हातानं, ज्या हातानं तिच्यातला बाक आईच्या मापानं पुन्हा जोडला होता. त्या दिवशी मी आष्ट्याला गेले नाही. मला शाळा होती, असं मी त्याला सांगितलं.

राहिला तो एक दिवस, आम्ही निघालो तो. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. मोगऱ्याचा बहर संपला होता आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. आदल्या दिवशी आई अचानक म्हणाली, "निघू या उद्या." तिच्याकडं बघून बाबांना वाटलं, तिला बरं वाटतंय. मला वाटलं, ती आता फार थांबू शकत नाही म्हणून म्हणतेय. मी विचारलं नाही.

सकाळी तिनं धुतलेली पांढऱ्या काठाची साडी नेसली. घरातल्या बुद्धाच्या मूर्तीपुढं आम्ही चौघांनी वंदना म्हटली, तिचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत टिकला नाही. शेजारच्या बायकांनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणून दिला. विजयनं तिला उचलून आत बाकावर ठेवलं आणि मी खिडकीचा पडदा सरकवला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांनी मागं वळून विचारलं, "बरं हाय न्हवं?"

"चला," ती म्हणाली.

इस्लामपूरपर्यंत ती बाहेर बघत होती. नुकतंच पाणी दिलेलं खोडव्याच्या उसाचं रान, स्टँडवरची गर्दी, सायकलीवर ऊस लादून चाललेला एक माणूस. पेठनाक्याला हायवे लागला तसे मोठे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायला लागले आणि प्रत्येक ट्रकबरोबर तिचं अंग आकसायला लागलं. तिनं ओठ मिटून घेतले. मी तिचा हात धरला होता. तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती, पण ती आवाज करत नव्हती. बाबा आरशातून बघत होते. वारणेचा पूल दिसायला लागला तेव्हा ती म्हणाली, "जरा थांबवता का?"

पुलाच्या अलीकडं एक चिंच होती. बाबांनी गाडी तिच्या सावलीत घेतली. नदीत पाणी फार नव्हतं, मधल्या खडकांवर बगळे बसले होते आणि पलीकडच्या काठाला कुणी म्हशी धूत होतं. आईला आम्ही उशांवर थोडं उठवून बसवलं. बाबांनी स्टो पेटवला. मी पुढं झाले, तर मला बाजूला केलं. त्यांनी स्वतः चहा केला, आलं ठेचून, कपात गाळून, आणि बशी धरून तिच्यापुढं बसले. त्या घरात, चाकांवरच्या, शिजलेलं तेवढंच.

तिनं दोन घोट घेतले. "चांगला झालाय," ती म्हणाली.

"लष्करी हाय," बाबा म्हणाले.

"समुद्र किती लांब हाय अजून?"

बाबांनी पुलाकडं पाहिलं. पुढं कोल्हापूर होतं, मग मलकापूर, मग आंब्याचा घाट, मग कितीतरी रस्ता. "आलाच," ते म्हणाले.

ती नदीकडं बघत राहिली. मग तिनं बशी धरलेल्या त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आवं," ती म्हणाली, "फिरवा आता. मला लय दुखतंय."

दुखतंय हा शब्द तिनं त्यांच्यासमोर आधी कधीच उच्चारला नव्हता. इतके महिने त्यांनी विचारायचं आणि तिनं बरं आहे म्हणायचं, असंच चाललं होतं. बाबांनी बशी खाली ठेवली. स्टो विझवला. कप नदीकाठी नेऊन विसळला, पुसला, कपाटात ठेवला आणि कपाटाची कडी लावली. प्रत्येक गोष्ट ते नीट करत होते, जणू कुणी तपासायला येणार होतं. मग पुढं जाऊन बसले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच राहिले. विजय मागं उभा राहून गाडी वळवायला हात करत होता. "येऊ द्या बाबा," तो म्हणाला. गाडी हलली नाही. "बाबा, येऊ द्या." मग ती हलली. मागं, पुढं, परत मागं. आणि तोंड घराकडं झालं.

इस्लामपूरला विजयनं हळूच विचारलं, "घरी का मिरजेला?"

बाबा म्हणाले, "मिरज."

आईनं ते ऐकलं. ती डोळे मिटून पडली होती. आष्टा आलं. बाजार भरला होता, आंब्याच्या पाट्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, ओळखीच्या एका माणसानं गाडी बघून हात वर केला. आमच्या वस्तीचा फाटा जवळ आला तसे तिनं डोळे उघडले. तिला ते कसं कळलं कुणास ठाऊक, कदाचित त्या वळणाआधीच्या गतिरोधकावरून कळलं असेल. कोपरावर उठून तिनं पडदा बाजूला केला. लांबवर आमच्या पत्र्याचा एक कोपरा उन्हात चमकत होता. गाडीचा वेग कमी झाला नाही.

"दार लावलंय न्हवं नीट?" तिनं विचारलं.

"लावलंय," बाबा पुढं बघतच म्हणाले.

"कुलूप?"

"कुलूपबी लावलंय आई," मी म्हणाले, आणि माझ्याजवळची किल्ली तिला दाखवली.

तिनं हात पुढं केला. मी किल्ली तिच्या हातात ठेवली. पदराचं टोक घेऊन तिनं ती त्यात बांधली, बोटांत जोर नव्हता म्हणून गाठ दोनदा सुटली, मग बसली. ती ओढून बघितली आणि आडवी झाली. मिरज येईपर्यंत तिचा हात त्या गाठीवर होता.